एकोणिसावा टोला

माझ्या वहिनीचा आवाज असा होता, की ताडपत्रीच्या कारखान्यात वरच्या मजल्यावरून तिनं "दोरा संपला" म्हणून हाक मारली की खाली धक्क्यावर बसलेले पक्षी उडायचे. मी वाढवून सांगत नाही. थोडं वाढवून सांगत असेन, पण पक्षी उडायचे हे खरं. चाळीस वर्षं तिनं बोटींच्या ताडपत्र्या आणि शिडं शिवली. तळहाताला कातडी पट्टा, हातात बोटाएवढी जाड सुई, आणि तोंड चालू. तिच्या हाताखालच्या बाया म्हणायच्या, हिच्या सुईपेक्षा हिची जीभ जास्त टोचते.

त्या वहिनीच्या घशात गाठ झाली. डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढली. जीव वाचला, आवाज गेला. गळ्यात भोक, भोकावर पांढरं फडकं, आणि हातात पाटी. लहान मुलांची असते ना, लाकडी चौकटीची, तसली. घरी आल्यावर तिनं पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते मला उद्देशून: "रडतोस काय. चहा टाक."

मी टाकला. तोंडात बोळा घातल्यासारखं घर शांत होतं. वहिनीनं एक घोट घेतला आणि पाटी पुसून लिहिलं, "हजेरी कधी?"



हजेरी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वर्षातून एका रविवारी हजेरी घेतात. बाहेरच्या माणसाला वाटतं शाळाच भरते. तसंच आहे जवळजवळ. वेदीच्या डाव्या हाताला भिंतीत दगडावर बुडालेल्या बोटींची नावं कोरलीत आणि प्रत्येकीखाली तिच्यावरच्या माणसांची. त्या रविवारी घंटेचा एक टोला पडतो, पाळकसाहेब एक नाव घेतात, आणि त्या माणसाच्या घरचं कुणीतरी बाकावरून उठून मोठ्यानं म्हणतं, "हजर." मग पुढचा टोला, पुढचं नाव.

मेलेल्या माणसाच्या नावानं हजर कसं म्हणता, असं मला एकदा बाहेरगावच्या एका मेकॅनिकनं विचारलं होतं. मी म्हटलं, बाबा, आमचा विश्वास असा आहे की शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारणार आणि समुद्राला पोटातली सगळी माणसं परत करावी लागणार. एकसुद्धा दाबून ठेवता येणार नाही. त्या दिवशी ते आपापल्या तोंडानं म्हणतील. तोवर त्यांची जागा आम्ही धरून ठेवतो, रांगेत पिशवी ठेवतात तशी. मेकॅनिकला पिशवीचं पटलं.

नियम एकच कडक. उत्तर घरच्या माणसानंच द्यायचं, आणि ज्या वर्षी उत्तर आलं नाही त्या वर्षी ते नाव हजेरीतून काढायचं. भिंतीवर राहतं, पण हाक मारत नाहीत. "त्याची हाक आता देवाकडे," असं म्हणतात आणि पुढं जातात. ह्यात वाईट हेतू काही नाही. घरं संपतात, माणसं गाव सोडतात. पण नाव काढलं जातं तेव्हा देवळात जी शांतता होते ना, ती मी ऐकलेली आहे. तरुणपणी. नंतर मी हजेरीला गेलोच नाही.

आणि दादाच्या नावाला उत्तर देणारी घरात दोनच माणसं होती. एक वहिनी. दुसरा मी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मालवाहू बोटीवर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. आणि मी भोंग्यावर. आमच्या बंदराच्या तोंडाशी एक जमिनीचं टोक आत समुद्रात गेलंय, त्याच्यापुढं खडक. त्या टोकावर भोंग्याची खोली. धुकं पडलं की डिझेलचं इंजिन लावायचं, इंजिनावरून पट्टा, पट्ट्यावर हवेचा पंप, पंपानं दोन टाक्या भरायच्या, आणि घड्याळासारख्या तबकडीतला काटा सातवर आला की हँडल ओढायचं. सहावर ओढलं तर भोंगा नुसता ढेकर देतो. एक लांब, दोन आखूड, ही आमच्या बंदराची खूण. धुक्यातल्या बोटीला कळायचं, बंदर इथं आहे, ये. गावानं माझं नाव ठेवलं भोंग्या. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो; तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "हाच का तो भोंग्या? घरात तरी हळू बोल." घरात सगळ्यात मोठ्यानं बोलणारी तीच निघाली, ते सोडा.

दादाची बोट आली ती सकाळची नऊची वेळ. धुकं असं, की खोलीच्या दारातून मला माझी सायकल दिसत नव्हती. भोंगा पहाटेपासून चालू होता. आणि नऊला पट्टा तुटला.

तो पट्टा जोडायला मला चाळीस मिनिटं लागली. कातडं ओलं झालेलं, भोकं फाटलेली. एकदा जोडला, पुन्हा सुटला. चाळीस मिनिटं भोंगा गप्प होता. आणि त्या चाळीस मिनिटांत कधीतरी बोट खडकावर गेली. बावीस माणसं. एकाचंही शरीर सापडलं नाही.

चौकशी झाली. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी कागदावर लिहिलं की पाण्याच्या ओढीमुळे बोट आधीच मैलभर बाजूला गेली होती, भोंगा वाजला असता तरी सांगता येत नाही. भोंगेवाल्याचा दोष नाही. गावातही कुणी बोट दाखवलं नाही. वहिनीनं तर एका शब्दानं विचारलं नाही. बाकी सगळं बोलायची. केस कापले नाहीत म्हणून, बटाटे जाड चिरले म्हणून, लग्न केलं नाहीस म्हणून. पट्ट्याबद्दल कधीच नाही.

चौतीस वर्षं दर हजेरीला वहिनी पहिल्या बाकावरून उठायची आणि "हजर" म्हणायची ते मला टोकावरच्या खोलीत ऐकू यायचं, असं मी लोकांना सांगायचो. वारा देवळाकडून असेल तर खरंच यायचं. त्या रविवारी मी खोलीत जाऊन इंजिनाला तेल घालत बसायचो. अकरा वर्षांपूर्वी भोंगा बंद झाला. आता बोटीवर यंत्रं आहेत, धुकं असलं तरी पडद्यावर खडक दिसतात. तरी किल्ली माझ्याकडेच राहिली, आणि तेल घालणं चालू राहिलं.

तर वहिनीनं पाटीवर लिहिलं होतं, हजेरी कधी.

"तीन आठवड्यांनी," मी म्हटलं.

तिनं पाटी पुसली. "तू उठायचं."

"मी नाही."

"का?"

मी चहाचा कप धुवायला घेतला, तो आधीच धुतलेला होता. पाठीमागून तिनं पाटी टेबलावर आपटली. बोलता येत नव्हतं तर आपटायची. चौकट दोनदा चिकटवली मी त्या वर्षी.

"वहिनी, ज्याच्या हाकेला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, त्याच्या वतीनं मी देवळात उभा राहून हजर म्हणू? माझ्या तोंडातून निघायचं नाही. तू काहीही लिही."

ती खडू हातात धरून माझ्याकडं बघत होती, म्हणजे ताडपत्री कुठं फाटलीय ते शोधताना बघायची तसं. मला वाटलं, आता चौतीस वर्षांचं सगळं पाटीवर उतरणार.

मग तिनं लिहिलं, "ठीक. तू बोलू नकोस. भोंगा बोलेल."

मी म्हटलं, "डोक्यावर पण ऑपरेशन केलं का डॉक्टरनं?"

तिनं खडू फेकून मारला. नेम चांगला होता.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वहीकाकांकडं गेली. वहीकाका म्हणजे देवळाच्या हजेरीची वही सांभाळणारे. कोणत्या वर्षी कोणत्या नावाला कुणी उत्तर दिलं ते सगळं त्यांच्या वहीत. माणूस सरळ, पण नियमाचा असा, की स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला पाळकसाहेब पाच मिनिटं उशिरा आले तर घड्याळ दाखवलं होतं.

वहिनीनं पाटी पुढं केली. घरूनच लिहून आणलं होतं. काकांनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं.

"भोंगा?" ते म्हणाले. "टोकावरचा?"

वहिनीनं मान हलवली.

"अहो, उत्तर माणसाच्या तोंडून आलं पाहिजे."

वहिनीनं लिहिलं, "माझं तोंड डॉक्टरकडे आहे. मागून आणू?"

काका माझ्याकडं वळले. "हा आहे की धडधाकट. सख्खा भाऊ. ह्यानं म्हणावं."

मी टोपी हातात फिरवत राहिलो. वहिनीनं माझ्या नि काकांच्या मध्ये पाटी धरली, दार लावल्यासारखी. "त्याला सोडा. माझ्याशी बोला."

काकांनी वही काढली. जुन्या पानावर मागं कुणीतरी नियम लिहून ठेवले होते, ते बोट फिरवत वाचायला लागले. दोनदा वाचले. मग जरा नाराजीनंच म्हणाले, "तोंडानं असं कुठं लिहिलेलं दिसत नाही. लिहिलंय ते असं: उत्तर घरच्यांकडून यावं, पाळकांचे तीन श्वास होईपर्यंत यावं, आणि देवळात बसलेल्या प्रत्येकाला ऐकू यावं."

वहिनीच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसू आलं. तिनं लिहिलं, "ऐकू येईल."

बंदराच्या साहेबाला मी विचारलं. तरुण साहेब, चांगला होता. म्हणाला, "जुनी यंत्रं अधूनमधून चालवून बघावीच लागतात. रविवारी सकाळी चाचणी घ्या. कागदावर मी तसं लिहितो." मग हळूच विचारलं, "चालेल का हो ते?"

तोच खरा प्रश्न होता. इंजिन मी अकरा वर्षं तेल पाजून जिवंत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी हँडल मारलं तर चार वेळा खोकलं आणि चालू झालं, जणू काल बंद केलं होतं. टाक्यांच्या तोंडाच्या झडपांवरची कातडी वाळून पापड झाली होती, ती बदलली. भोंग्याच्या कर्ण्यात पक्ष्यांनी घरटं केलं होतं, ते उचलून शेजारच्या कोनाड्यात ठेवलं. राहिला पट्टा. तो सुकून तडकला होता, तीन जागी. नवा मिळत नाही, ते माप आता कुणी करत नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी सांगितलं, "पट्ट्यानं दगा दिला. संपलं."

वहिनी उठली. आतल्या खोलीतून तिनं तिची जुनी पेटी आणली. सुया, मेणाचा गोळा, तळहाताचा कातडी पट्टा, सगळं जागच्या जागी. शिडाचं चौपदरी जाड कापड आणलं. माझ्यासमोर जमिनीवर बसली, हातानं इशारा केला, माप.

"वहिनी, तो पट्टा मी..."

तिनं पाटी ओढली. लिहिलं, दाखवलं. "त्या दिवशी तुझ्या हातात सुई होती. शिवायला तुला कधी येत होतं?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. चौतीस वर्षांत पट्ट्याबद्दल तिचा हा पहिला शब्द.

तिनं पुसून आणखी लिहिलं. अक्षर आता जरा मोठं, घाईत. "मी धक्क्यावर होते. भोंगा थांबला ते ऐकलं. मला कळलं पट्टा गेला. सुई घेऊन टोकाकडे पळाले. धुक्यात वाट चुकले. उलटी गेले. कारखान्याच्या मागं पोचले."

तिला ओरडायची सवय, पण हे तिनं आवाज असताना एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ती मला सांभाळून घेते. ती स्वतःचंही काहीतरी इतकी वर्षं शिवून बंद करून बसली होती.

"म्हणजे तू पण," मी म्हटलं.

तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "दोघंही उशिरा. आता शिवू दे."

तीन संध्याकाळी शिवत होती. दोरा दुहेरी, मेणातून दोनदा ओढलेला. टाके तिरपे, एकमेकांत अडकवलेले, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मी दिवा धरून बसायचो आणि मध्येच म्हणायचो, हा टाका जरा वाकडा वाटतो. ती सुई माझ्या गुडघ्याकडं करायची. शेवटच्या टाक्याची गाठ मारल्यावर तिनं पट्टा दोन्ही हातांनी ताणला, मला एक टोक दिलं, मी पाय भिंतीला लावून ओढलं. हलला नाही. तिनं लिहिलं, "हा तुटला तर भिंतीवर माझं नाव कोरा."

आता एक अडचण उरली. देऊळ टेकडीवर, मी टोकावर, मध्ये चालत वीस मिनिटांची वाट. मला कळणार कसं की दादाचं नाव आलं? वहिनी म्हणाली, म्हणजे तिनं लिहिलं, टोले मोज. टोला सगळ्या बंदराला ऐकू येतो. हजेरीत दादाचा नंबर एकोणिसावा. एकोणिसावा टोला पडला की ओढ.

सोपं होतं. फक्त घंटा आमचा घंटेवाला वाजवतो. जुना दोस्त माझा, सत्तरीचा, कानानं अधू. दोरी ओढली की ती वर जाताना कधी कधी त्याच्या हातून निसटते आणि घंटेला एक उचकी लागते. एकाचे दोन टोले. त्याला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो मान्य करत नाही. मी आदल्या दिवशी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "उद्या उचकी नको." तो म्हणाला, "मला कुठं उचकी लागलीय?"

रविवारी मी सात वाजताच खोलीत. आभाळ स्वच्छ, समुद्र निळा, धुक्याचा एक धागा नाही. असल्या दिवशी भोंगा लावायला मला आधी लाज वाटली. इंजिन चालू केलं. पट्टा चढवला. पट्टा फिरायला लागला आणि वहिनीचे टाके एका लयीत माझ्यासमोरून जायला लागले, टिक टिक टिक. काटा दोनवर. तीनवर. टाक्यांत हवा भरताना जो हुंकार येतो तो मी अकरा वर्षं ऐकला नव्हता. सातवर आला. थोडा वर गेला, मी झडप सोडून खाली आणला. आणि हँडलाला हात लावून उभा राहिलो.

पहिला टोला पडला. दुसरा. प्रत्येक टोल्यानंतर थोडी जागा, नावाची आणि हजरची, मग पुढचा. नाव ऐकू येत नव्हतं पण लय कळत होती. सात. आठ. मी बोटांवर मोजत होतो, हँडल सोडून, मग घाबरून पुन्हा धरून. बारावा टोला पडला आणि त्याच्या पाठोपाठ लगेच एक. टण्ण, टण.

उचकी.

की तेरावा? मी स्वतःला सांगितलं, उचकी. नाव घ्यायला वेळच मिळाला नाही मधे. पण मग मनात आलं, नाव लहान असेल तर? लहान मुलासारखी पटकन हजर म्हणणारी एखादी म्हातारी असेल तर? पुढचा पडला, तेरा का चौदा? पुढचा. पुन्हा एक उचकी, की ती वाऱ्यानं ऐकली? हँडल माझ्या घामानं निसरडं झालं. एक आधी ओढलं तर भोंगा दादाच्या बोटीच्या कप्तानसाहेबांच्या नावाला हजर म्हणणार, आणि त्यांची मुलगी पहिल्या बाकावर बसलेली असते, तिला काय वाटेल? एक नंतर ओढलं तर दादाची हाक गेली. कायमची. सतरा. का अठरा. माझी मोजणी गेली. मी पुन्हा तिथंच उभा होतो, तुटका पट्टा घेऊन, आणि वेळ जात होता.

टोला पडला.

आणि पुढचा टोला आला नाही.

मी वाट पाहिली. नावाइतका वेळ गेला. हजरइतका वेळ गेला. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, आणि टेकडीवरून काहीही येत नव्हतं. अशी शांतता मी ओळखतो. कुणाचं तरी उत्तर आलेलं नाही, सगळं देऊळ मागं न बघता बसलंय, आणि पाळकसाहेब श्वास मोजतायत. ही शांतता दादाची होती. चौतीस वर्षांपूर्वी ती माझ्यामुळे झाली होती. आज ती मला सांगत होती, आता.

मी ओढलं.

काय सांगू. खोलीची काच फुटली एक. कोनाड्यातले पक्षी गेले ते गेलेच. छातीच्या फासळ्यांतून तो आवाज आरपार गेला, एक लांब, इतका लांब की मला वाटलं टाक्या रिकाम्या होणार, पण काटा धरून राहिला. मग दोन आखूड. बंदर इथं आहे, ये.

मी हँडल सोडलं. कान वाजत होते. पट्टा तसाच फिरत होता, एक टाका सुटला नव्हता.

आणि मग समोरच्या धक्क्यावरून एका बोटीनं उत्तर दिलं. रविवारची बांधलेली बोट, त्यावर राखणीला एखादा खलाशी असेल. बंदराचा भोंगा वाजला की बोटीनं उत्तर द्यायचं ही त्यांच्या हाडांत मुरलेली सवय. तिचं ऐकून दुसरी. मग जहाजं ओढणाऱ्या बोटींचे जाड आवाज, मासेमारीच्या बोटींचे बारीक, कुणाचा फाटका, कुणाचा सायकलच्या भोंग्यासारखा. सगळं बंदर ओरडत होतं. दादाला एवढ्या माणसांनी हजर म्हटलं.

मी इंजिन बंद केलं आणि एकटाच उभं राहून तोंडानं म्हटलं, "हजर." निघालं. मला वाटत होतं तितकं अवघड नव्हतं. मग सायकल काढली आणि टेकडीकडं निघालो. पासष्टाव्या वर्षी टेकडी सायकलनं चढलो म्हणून सांगितलं तर खोटं होईल, अर्धी चढलो, अर्धी ढकलली.

देवळात काय झालं ते मला नंतर पाळकसाहेबांनी सांगितलं. नाव घेतलं, कुणी उठलं नाही. वहिनी पहिल्या बाकावर ताठ बसून होती, पाटी मांडीवर उलटी. पाळकसाहेबांनी पहिला श्वास घेतला. दुसरा घेतला. "तिसरा," ते म्हणाले, "मी आयुष्यात घेतला नसेल इतका सावकाश घेतला. आणखी सावकाश घेतला असता तर मीच भिंतीवर गेलो असतो." तेवढ्यात भोंगा झाला. खिडक्या हादरल्या. वहीकाकांचा चष्मा नाकावरून वहीवर पडला. पहिल्यांदा कुणाला काही कळेना, मग बोटी सुरू झाल्या, आणि कप्तानसाहेबांची मुलगी उभी राहिली. तिचं बघून मागचे. सगळं देऊळ उभं राहिलं. आणि मग वहिनी उठली, सगळ्यांच्या शेवटी, आणि पाटी उलटून डोक्यावर धरली. पाटीवर एकच शब्द होता, तोच.

मी दारात पोचलो तेव्हा शेवटचा भाग चालू होता. सगळी नावं संपल्यावर पाळकसाहेब एक हाक मारतात, ज्यांचं नावही कुणाला माहीत नाही अशा सगळ्या बुडालेल्यांसाठी, आणि त्याला सगळ्या देवळानं एकदम उत्तर द्यायचं असतं. मी धापा टाकत दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, हाताला ग्रीस, टोपी कुठंतरी उडालेली. हाक झाली. मी सगळ्यांबरोबर म्हटलं. थोडं मोठ्यानंच झालं. भोंगा ऐकून आपलाही आवाज वाढतो बहुतेक. पुढच्या बाकावरच्या माना वळल्या.

वहिनी मागं आली आणि पाटी माझ्या छातीला टेकवून लिहायला लागली. मी वाचायच्या आधीच म्हटलं, "चढ होता."

तिनं लिहिलं होतं, "उशिरा आलास. पण ऐकू आलं."

तेवढ्यात वहीकाका आले, वही उघडी, पेन हातात. चष्म्याची एक काच तडकलेली. दादाच्या नावापुढं चौतीस वर्षं एकच शब्द लिहिलेला होता, पत्नी, पत्नी, पत्नी. ह्या वर्षीचा रकाना रिकामा. ते गंभीरपणे म्हणाले, "नियमानं उत्तर देणाऱ्याचं नातं लिहावं लागतं. मी काय लिहू? भोंगा?"

वहिनीनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. काकांनी आपल्या वहीत दुसऱ्याला लिहू दिल्याचं गावात कुणाला आठवत नाही. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, पत्नी. थांबली. माझ्याकडं बघितलं. आणि पुढं लिहिलं, आणि भाऊ.

"पुढच्या वर्षी?" काकांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं, "पहिल्या बाकावर जागा धरून ठेवा. मी तोंडानं म्हणेन."

वहिनीनं पाटीवर खरडलं, "आणि भोंगा पण वाजव."

"दोन्ही कसं करू? एक पाय टोकावर, एक इथं?"

तिनं खडू उचलला. मी बाजूला झालो. तो मागं उभ्या असलेल्या घंटेवाल्याला लागला, आणि तो म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं ना, आज एकही उचकी लागली नाही."